मृतावरचा आरोप

रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या मृत्यूचा तपास पोलीस करीत नाहीत. शांततेच्या काळात मारल्या गेलेल्या नागरिकाच्या मृत्यूचा तपास त्यांना टाळता येत नाही. परंतु जिथे युद्ध पुकारलेले नाही आणि युद्धाची रीत मात्र रूढ झाली आहे, तिथे मृताचे राज्यसंस्थेकडे कोणते देणे उरते?

मणिपूरसंबंधी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९७९ ते २०१२ या काळातील १,५२८ मृत्यूंची यादी सादर केली होती. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या आयोगातील तिघांपैकी दोघांची कारकीर्द बंगळूरशी निगडित होती. अध्यक्ष न्या. संतोष हेगडे हे कर्नाटकाचे माजी लोकायुक्त, तर अजयकुमार सिंग हे त्याच राज्याचे माजी पोलीस महासंचालक. तिसरे सदस्य होते माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह. आयोगाने सहा प्रकरणे तपासली. त्यांतील एकही चकमक खरी ठरली नाही. मृतांत बारा वर्षांचा एक शाळकरी मुलगाही होता.

या प्रकरणांतील तपास केवळ ढिलाईमुळे रखडले नव्हते. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जाई तो मारणाऱ्यांवर नव्हे, मेलेल्यावर. मृत हाच आरोपी. आणि आरोपी हयात नाही, म्हणून प्रकरण बंद. तपास वाटेत अडला असे म्हणणेही अपुरे आहे. त्याला वाटच ठेवलेली नव्हती.

जुलै २०१६ च्या निकालात न्या. मदन लोकूर व न्या. उदय लळित यांनी मणिपुरातील परिस्थिती ही युद्धस्थिती नव्हे, असे स्पष्ट केले. पुढील वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या विशेष पथकाकडे निवडक प्रकरणे सोपवली गेली. तरीही गती इतकी मंद राहिली की, २०१८ मध्ये विभागाच्या संचालकांना न्यायालयाने समक्ष बोलावले.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. बंडाळीग्रस्त प्रदेशात जवानाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. त्याच्यावर वर्षानुवर्षे संशयाची छाया ठेवणे न्याय्य आहे काय? शिवाय पुरावे विरतात, साक्षीदार वृद्ध होतात. शिक्षेची शक्यता मावळल्यावर चौकशीतून साधायचे काय? मात्र प्रामाणिक जवानालाही निर्दोषत्व मिळते ते चौकशीनेच. तिच्या अभावी खरी चकमक आणि खोटी चकमक एकाच रंगाची दिसते. आणि शिक्षा हे चौकशीचे एकमेव प्रयोजन नव्हे. मेलेला कोण होता, हे ठरवणे हे तिचे पहिले काम.

महाभारताच्या स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला मृतांची संख्या विचारतो. विजयी राजा ती सांगतो. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, त्यांचीही सांगतो. ज्यांना कोणी उरले नाही, त्यांच्या अंत्यसंस्काराचीही व्यवस्था करतो. ते तर उघड युद्ध होते, मृतांत शत्रूही होते. तरीही हिशेब चुकला नाही. मग तिलांजलीच्या वेळी कुंती बोलते, आणि शत्रू म्हणून मारलेला कर्ण थोरला भाऊ ठरतो. त्या सत्याने कर्ण परत येत नाही. त्याचे नाते मात्र परत येते.

दप्तरात सशस्त्र बंडखोर म्हणून नोंदलेला तो मुलगा आयोगाच्या अहवालात पुन्हा शाळकरी मुलगा झाला. यादीतील बहुतेकांच्या वाट्याला एवढेही आलेले नाही. त्यांच्यावरील आरोप कायम आहे, आणि उत्तर देण्यासाठी ते हजर राहू शकत नाहीत.