नावाचे फळ कोणास?

मूल जन्मले की बाराव्या दिवशी बारसे होते. आपल्या वऱ्हाडात, रिठदसारखे गाव असो की वाशीमसारखे शहर, पंचांग पाहून राशीचे अक्षर काढतात व त्यावरून नाव ठरवितात. अलीकडे तर अक्षरांचे अंक मोजून थोरामोठ्यांची नावे बदलून देण्याचा व्यवसायही चालतो. या सर्वांच्या मुळाशी समजूत एकच, की नावाच्या अंगी फळ देण्याची शक्ती आहे. ती कितपत खरी, याचा विचार साधकांनी व वासनिकांनी करणे अगत्याचे आहे.

कारण हे कार्याच्या आधी असावे लागते. जीवाला देह, कुळ, मातापिता, देश आणि काळ लाभतात ते पूर्वकर्मानुसार. नाव येते ते हे सर्व लाभल्यानंतर. शिवाय नाव देहाचे आहे, जीवाचे नव्हे. देह पडला की नाव येथेच राहते. जीवासवे जाते ते कर्म. म्हणून नाव हे सुखदुःखाचे कारण ठरत नाही.

व्यवहारातही हेच दिसते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात दोन मुली जन्मल्या. माहेरी दोघींचेही नाव यमुनाच होते. लग्नानंतर एक आनंदीबाई जोशी झाली, दुसरी रमाबाई रानडे. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. परंतु १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्या क्षयाने निवर्तल्या. रमाबाईंनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले व १९२४ पर्यंत त्या कार्यरत राहिल्या. जन्मनाम एक असता आयुष्ये दोन झाली. आणि ‘आनंदी’ या नावाने आयुष्याची दोरी लांबविली नाही. दोघींमध्ये जे समान दिसते ते नावामुळे आलेले नाही. दोघींच्याही पतींनी त्यांना शिकविण्याचा आग्रह धरला, त्यामुळे ते आले.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, ‘नावात काहीच नसेल, तर मुलीला नकोशी म्हटले तरी काय बिघडले?’

हा प्रश्न कल्पनेतला नाही. सातारा जिल्ह्यात कित्येक घरी मुलीमागून मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ ठेवीत. असे केल्याने पुढचे अपत्य मुलगा होईल, ही समजूत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ होऊन अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. ज्यांना नकोशी म्हणून हाक मारली गेली त्या निदान जन्मल्या तरी. कित्येकींना तेवढेही लाभले नाही.

आता दुसरी रीत पाहा. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नव्या बाळाला दगडू, धोंडू, उकर्डा अशी नावे देत. ही नावेही हीनच. पण आईच्या मनात भाव असे तो हा, की काळाला हे मूल नकोसे वाटावे आणि आपल्यापाशी राहावे. समजूत भाबडी खरी. परंतु तिच्या पोटी माया होती. नकुशा म्हणणाराच्या पोटी मात्र नकारच होता. शब्द दोन्हीकडे हलका. भाव भिन्न, म्हणून कर्मही भिन्न.

आपल्या पंथात महदाइसांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. स्वामी त्यांचा निर्देश ‘म्हातारी’ असा करीत. इतरांच्या मुखी हा शब्द हेटाळणीचा ठरता. स्वामींच्या मुखी तो एका जिज्ञासू स्त्रीचा गौरव झाला.

तेव्हा उत्तरपक्ष असा, की नाव हे फळाचे कारण नव्हे. हाक मारणाराचे ते कर्म आहे. नकोशी हे नाव मुलीचे प्राक्तन घडवीत नाही. पण ते ठेवणारा दिवसातून दहा वेळा तिला तू नको आहेस असे सांगतो. ही वाचिक हिंसा होय. तिचे दुःख मुलीला भोगावे लागते, दोष मात्र म्हणणारास लागतो. ‘तिचे प्राक्तनच तसे’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. कारण दुसऱ्याचे प्राक्तन हे आपल्या क्रियमाणाला निमित्त म्हणून पुढे करता येत नाही.

आणखी एक शंका राहते. नावाला शक्ती नसेल, तर नामस्मरणाचे प्रयोजन काय? याचे समाधान असे, की नाम हे वाचक आणि परमेश्वर हा वाच्य. स्मरणात जे सामर्थ्य आहे ते ज्याचे स्मरण करावयाचे त्याचे, केवळ अक्षरांचे नव्हे. मुलाचे नाव चक्रधर ठेवले आणि घरात स्मरण ना आचार, तर त्या नावाने मूल तरत नाही, बापही तरत नाही.

म्हणून वासनिकांनी बारशाच्या वेळी राशीचे अक्षर शोधण्यापेक्षा स्वतःचे मन शोधावे. कागदावर नकोशीची ऐश्वर्या झाली, आणि ताटात भाकरी भावाला आधी व शाळेत नाव त्याचेच आधी, तर नाव बदलले, हाक तीच राहिली. मुलीच्या नावाने तिचे पुढे काय होईल, हे विचारू नये. त्या नावाने हाक मारताना आपल्या हातून कोणते कर्म घडते, एवढे प्रत्येकाने रोज पाहावे.

इत्यलम्. दंडवत प्रणाम.