समुद्रकाठची सहल आणि तीर्थाचे पुण्य

तीर्थयात्रा आणि सहल एकाच प्रवासात सामावतात का, हा मराठी घरांतला जुना धार्मिक प्रश्न आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात तो विशेष जाणवतो. इथले कुटुंब सुटीत हजारेक किलोमीटरची वाट धरून गणपतीपुळ्याला निघते, तेव्हा आजी-आजोबांना श्रींचे दर्शन घ्यायचे असते आणि नातवंडांना लाटांत खेळायचे असते. या मौजेमुळे दर्शनाचे पुण्य उणावते का? सृष्टीचे सौंदर्य मनाला देवाकडे नेते, की देवापासून दूर ओढते?

गणपतीपुळे हे रत्नागिरी जिल्ह्यातले लहानसे किनारी गाव. मंदिर समुद्राला अगदी लागून, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मूर्ती स्वयंभू मानली जाते आणि देव पश्चिमेला, अरबी समुद्राकडे तोंड करून आहे. अवघा डोंगरच गणेशरूप आहे अशी श्रद्धा असल्यामुळे इथे गाभाऱ्याभोवती फिरून प्रदक्षिणा पूर्ण होत नाही. ती डोंगराभोवती घालावी लागते आणि ती वाट सुमारे एक किलोमीटरची आहे. एका बाजूला झाडीने झाकलेला उतार, दुसऱ्या बाजूला समुद्राची गाज अशा वाटेने भाविक चालतो. जवळच कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड आहे, उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा किल्ला आहे आणि रत्नागिरीच्या वाटेवर आरे-वारेचा किनारा लागतो. सहलीला आलेल्या कुटुंबाला दोन-तीन दिवस पुरेल इतके इथे पाहण्यासारखे आहे. पण प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती प्रदक्षिणा. डोंगरच देव असेल, तर त्याच्यावरची झाडी आणि पायाशी येणारे पाणी यांना देवस्थानाची केवळ शोभा म्हणता येत नाही. तिथे सृष्टी पाहणे हाच दर्शनाचा भाग ठरतो.

ही समजूत केवळ स्थानिक नाही. एखादे स्थळ पवित्र का ठरते, याची तीन कारणे स्कंदपुराणाच्या काशीखंडात दिली आहेत: भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींचा तिथला वास. यांपैकी पहिली दोन कारणे निसर्गाची आहेत. देहाचे काही अवयव इतरांहून पवित्र मानतात, तसेच पृथ्वीचे काही प्रदेश अधिक पुण्यकारक आहेत, असेही परंपरा सांगते. भारतातली बहुतेक तीर्थे नदीकाठी, संगमावर, डोंगरमाथ्यावर किंवा समुद्रतीरी आहेत. जिथे माणसाचे मन आपोआप थांबते, तिथेच पूर्वजांनी देव पाहिला.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने मात्र मतभेद आहेत. दृश्य जगाला मिथ्या मानणाऱ्या विचारात डोळ्यांचे सुख हा विषयसुखाचाच प्रकार ठरतो आणि साधकाने त्यात गुंतू नये, असे सांगितले जाते. भगवद्गीतेचा दहावा अध्याय वेगळी दिशा दाखवतो. तिथे श्रीकृष्ण जलाशयांमध्ये सागर आणि स्थिर वस्तूंमध्ये हिमालय ही आपली रूपे म्हणून सांगतात, आणि जे जे ऐश्वर्ययुक्त व शोभिवंत आहे ते आपल्या तेजाच्या अंशातून झाले, असा निष्कर्ष देतात. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचे खंडन करून जगाला चैतन्याचा विलास म्हटले. या दृष्टीने पाहिले तर मावळतीच्या वेळी समुद्रापुढे स्तब्ध झालेला माणूस देवापासून दूर जात नाही. तो देवाच्याच रूपापुढे उभा असतो. युरोपात इमॅन्युएल कांट यांनी 1790 च्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाचे एक लक्षण सांगितले: त्यात वस्तू आपल्या मालकीची व्हावी, ही इच्छा नसते. मालकीची इच्छा गळून पडणे ही भक्तीचीही पहिली पायरी आहे.

तरीही केवळ सुंदर स्थळी पोचल्याने तीर्थाचे फळ मिळते, असे परंपरा म्हणत नाही. महाभारताच्या वनपर्वात त्याची अट स्पष्ट आहे: ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहे त्यालाच तीर्थाचे फळ लाभते. अनुशासनपर्वात भीष्म मानस तीर्थाची महती सांगतात. त्या तीर्थातले पाणी सत्याचे आहे आणि डोह धैर्याचा. स्थळाचे पावित्र्य निसर्ग देतो, पण ते स्वीकारण्याची पात्रता माणसाच्या वागण्यात असते.

समुद्राबाबत हा संयम फार ठोस रूपात सांगितला गेला. समुद्र पूज्य आहे, पण त्याला रोज स्पर्श करू नये, पर्वकाळीच स्नान करावे, असा नियम धर्मग्रंथांत आढळतो. अमावास्या आणि पौर्णिमा हे असे पर्वकाळ. त्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, सूर्य-चंद्राचे आकर्षण एकवटते आणि उधाणाची भरती येते. म्हणजे पर्वस्नानाचे दिवस नेमके पाण्याच्या जोराचे दिवस असतात. म्हणूनच ते स्नान आदराने आणि काठ न सोडता करायचे. कोळी बांधव श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात, त्यातही त्याच्या सामर्थ्याची जाण आहे. गणपतीपुळ्याच्या समुद्राला ओढ जोरदार आहे आणि तिथे पर्यटक बुडून दगावले आहेत. तळ्यात पोहण्याची सवय असलेल्या विदर्भातल्या मुलाला लाट मागे फिरताना वाळू कशी पायाखालून नेते, याचा अंदाज नसतो. सूचनाफलक आणि जीवरक्षकाची शिट्टी मानणे हा तिथे समुद्राला केलेला नमस्कारच आहे.

संयमाची दुसरी बाजू विदर्भाच्या संतांनी शिकवली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी यात्रेच्या ठिकाणी हाती खराटा घेतला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. आज ज्यांच्या नावाने नागपूरचे विद्यापीठ ओळखले जाते त्या तुकडोजी महाराजांनी गावाची स्वच्छता आणि सेवा हीच पूजा मानली. या कसोटीवर वाळूत प्लास्टिकच्या बाटल्या टाकून केलेली प्रदक्षिणा अपुरी राहते. जो डोंगर देव मानला, त्याच्या पायथ्याशी कचरा टाकणे त्याच श्रद्धेशी विसंगत आहे.

मुलांचे खेळणे मात्र या कसोटीत नापास होत नाही. वाळूचा किल्ला करणाऱ्या मुलाला त्या किनाऱ्याविषयी जी जवळीक वाटते, तीच पुढे त्याच्या आदराचे मूळ बनते. धाक दाखवून रांगेत उभे केल्याने ती जवळीक येत नाही. नागपूरच्या घरांना हा मेळ अपरिचितही नाही. रामटेकला गडावर रामाचे दर्शन, अंबाळा तलावाचा काठ आणि खिंडसीत नौकाविहार हे सारे एकाच दिवशी होते. रेल्वे स्थानकाजवळच्या टेकडी गणपतीलाही आजोबा नातवाचा हात धरूनच जातात.

तेव्हा सहल आणि तीर्थयात्रा यांतली सीमा स्थळाने ठरत नाही आणि आनंदाने तर नाहीच. कुटुंबाने किनाऱ्याचा आनंद मनसोक्त घ्यावा, मात्र त्याबरोबर किनाऱ्याचे नियमही पाळावेत: पाण्याशी मर्यादा, भूमीची स्वच्छता, तिथल्या लोकांशी सौजन्य. सौंदर्याचा आनंद आणि त्यातून येणारे कर्तव्य दोन्ही स्वीकारले, तर तीच सहल तीर्थयात्रा होते. कर्तव्य टाळले, तर दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहूनही ती नुसती सहलच उरते.