हसणाऱ्याची माफी

मराठी बोलपट १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’पासून सुरू झाला आणि सात वर्षांतच राजाच्या जागी कारकून येऊन उभा राहिला. १९३९ चा ‘ब्रँडीची बाटली’ आचार्य अत्र्यांनी लिहिला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केला. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम हा भोळा कारकून औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधत फिरतो आणि त्याची धांदल पाहून लोक हसतात.

पुढे विनोदी चित्रपटांत कारकुनाचे अनेक नमुने आले. त्यांतला एक फारच आवडता ठरला, तो बेपर्वा तरुण नोकर. तो कागद हरवतो, निरोप विसरतो, साहेबाला भलतेच उत्तर देतो. आपण हसतो आणि म्हणतो, ‘जाऊ द्या, बिचाऱ्याची नियत साफ आहे.’ आमचा प्रश्न असा की, ही माफी देणारे आपण कोण?

पडद्यावर आपले काहीच बिघडलेले नसते, म्हणून माफी स्वस्त असते. आता नायगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली शेतमजूर बाई डोळ्यांपुढे आणा. उर्दूतले नाव मराठीत उतरवताना कोणीतरी ‘आमेना’ची ‘अमीना’ केली. दोन कागदांवर दोन नावे झाली, मुलीची शिष्यवृत्ती अडली. बाईची दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले, वर ‘उद्या या’ ऐकावे लागले. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण म्हणून तिची मजुरी परत येते काय?

आपल्या दीनने हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद शिकवला आहे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबेचा दरवाजा उघडा आहे. बंद्याच्या हक्कात कसूर झाली तर नुसती तौबा पुरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क त्याला पोहोचवावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, अमल नियतीवर ठरतात आणि भूलचूक माफ आहे. हे आम्हालाही मान्य आहे. पण भूल वेगळी, गफलत वेगळी. मराठीत गफलत म्हणजे घोटाळा, चूक. उर्दूत तिच्यात बेखबरीही येते. भूल ध्यानात आली की माणूस कासावीस होतो. गाफील माणूस मात्र मुळात पाहतच नाही. ज्याने पाहण्याचे कष्टच घेतले नाहीत, त्याने साफ नियतीचा हवाला कसा द्यावा? नियत साफ असेल तर माणूस निदान नाव पुन्हा एकदा वाचून पाहील.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना माप भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना सख्त ताकीद आहे. तराजू केवळ किराणा दुकानात नसतो. पूर्ण पगार घेऊन अर्धे लक्ष देणे हेही मापात मारणेच आहे. कचेरीतला कारकून असो की वर्गातला शिक्षक, हे माप सर्वांना सारखेच लागू आहे.

बगारामवर जरूर हसावे. त्याच्या भोळेपणाने आपले काही बुडालेले नाही. पण नोकरीतल्या गफलतीची माफी सोबत्यांच्या हसण्यातून मिळत नसते. ती खिडकीपुढे उभ्या असलेल्या त्या बाईकडेच मागावी लागते आणि तीही आधी तिचा कागद दुरुस्त करून.