‘आणि’ या शब्दाची किंमत

‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा अभिजित देशपांडे दिग्दर्शित चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे १९३० साली जन्मलेले, पेशाने दंतवैद्य असलेले घाणेकर मराठी रंगभूमीचे सर्वांत लाडके आणि तितकेच बेबंद नट कसे झाले, ही त्याची कथा आहे. चित्रपटाचे शीर्षक नाटकाच्या जाहिरातीतून आले आहे. नामावळीच्या शेवटी, एका ‘आणि’नंतर, घाणेकरांचे नाव छापले जाई. त्या एका अव्ययाने नटाचे मोल इतर पात्रांहून वेगळे ठरवले.

वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ (१९६६) मधला लाल्या या दोन भूमिकांनी घाणेकरांना कीर्ती दिली. एक बापाला न जुमानणारा युवराज, दुसरा गुरूला न जुमानणारा विद्यार्थी. पुढे त्यांनी रंगवलेला ‘गारंबीचा बापू’ही गावाला न जुमानणारा कोकणी तरुण होता. प्रेक्षकांनी पात्रांची बंडखोरी नटाच्याच स्वभावात पाहिली. मद्यपान, लहरीपणा, बेभरवशाचे वागणे यांच्या कथांनी त्यांचे आकर्षण वाढतच गेले.

अशा नटामागे निर्माता उभा असतो. चित्रपटात ही जागा प्रभाकर पणशीकरांची आहे. सुबोध भावे यांचे घाणेकर आणि प्रसाद ओक यांचे पणशीकर यांच्यातला ताण हा चित्रपटाचा कणा आहे. प्रयोग ठरला, बुकिंग झाले, प्रेक्षक बसले, तरी नटाचा भरवसा नाही. आणि नट नसेल तर नाटकच नाही. निर्माता ज्या बेबंदपणाला कंटाळतो, त्याच्याच बळावर त्याचे नाट्यगृह भरते.

या नात्याचे दुसरे टोक इंग्लंडमध्ये दिसते. १९७५ साली लंडनमध्ये जमलेल्या ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक वाद्यवृंदाची कुप्रसिद्धी व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन याने जाणीवपूर्वक वापरली. ‘द ग्रेट रॉक अँड रोल स्विंडल’ (१९८०) या चित्रपटात सारा प्रकार आपणच रचलेली लबाडी होती, असे तो मिरवतो. गाणारी मुले त्याच्या कथेत नुसती बाहुली ठरतात. दिग्दर्शक ज्युलियन टेंपल यांनीच २००० साली ‘द फिल्थ अँड द फ्यूरी’ काढून तीच कथा वादकांच्या तोंडून सांगितली. मॅक्लारेनच्या कथेला वादकांना उत्तर देता आले.

पणशीकर आणि मॅक्लारेन यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पणशीकर स्वतः नट होते. ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये ते प्राध्यापक विद्यानंद म्हणून लाल्यासमोर उभे राहत. प्रयोग पडला तर तोटा त्यांचाच, आणि शरमही त्यांचीच. मंचावरचा धोका वाटून घेणाऱ्या माणसाला नट बाहुलीसारखा नाचवता येत नाही. चित्रपटाने हे ओळखले आहे, म्हणून त्यातला निर्माता खलनायक होत नाही.

मात्र घाणेकरांचा ऱ्हास चित्रपट बहुतांशी त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो. बेबंदपणा विकत घेणाऱ्या प्रेक्षकांचा आणि तो जाहिरातीत छापणाऱ्या व्यवसायाचा वाटा त्यात पुरेसा मोजलेला नाही. नटाला ‘आणि’नंतर एकटे उभे करणारी रंगभूमी त्याला सहकाऱ्यांपासूनही वेगळे करते, मग त्याला आवरायचे कुणी?

घाणेकर १९८६ साली अमरावती येथे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारले. कांचन घाणेकरांचे ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक पत्नीच्या आठवणींचे आहे, चित्रपट दिग्दर्शकाच्या नजरेचा आहे. वादकांना मिळालेली उत्तराची संधी घाणेकरांना कधीच मिळणार नाही. रंगभूमीवरचा अभिनय पडदा पडताच संपतो, उरतात त्या दंतकथा. म्हणून दिवंगत नटावर चित्रपट काढणाऱ्यावर जास्त जबाबदारी येते: त्याच्या दोषांबरोबर ते दोष कुणाला सोयीचे होते, हेही दाखवण्याची.