विश्वास आणि विचारपूस

हिंगणीच्या परिसरातील शेतकरी कापूस विकावयास नेतो, तेव्हा व्यापारी कितीही ओळखीचा असला तरी त्याची नजर काट्यावर असते. व्यापाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. मग निवृत्तीच्या वेळी हाती येणारी भविष्य निर्वाह निधीची रक्कम कोणाच्या सल्ल्यावर सोपविताना आम्हांला प्रश्न विचारण्याचा संकोच का वाटावा?

सल्लागार बहुधा आपलाच असतो. नात्यातला, शाळेतला, कधी आपल्याच धर्मग्रामातला. आपल्या माणसाला हिशेब कसा मागावा, असे आम्ही म्हणतो आणि त्या संकोचालाच विश्वास समजतो. जवळच्याच नागपुरात 2013 साली श्रीसूर्या व 2014 साली वासनकर या गुंतवणूक संस्थांच्या चालकांना फसवणुकीच्या आरोपांवरून अटक झाली. भरघोस परताव्याच्या आशेने तेथे पैसे ठेवणाऱ्यांत सुशिक्षित माणसेही होती.

सल्ला देणाऱ्याचे हित कशात आहे, हा येथे मूळ नैतिक प्रश्न आहे. विमा किंवा म्युच्युअल फंडाचा प्रतिनिधी योजना विकून कमिशन मिळवितो. त्यात गैर काही नाही. परंतु विक्रीला निःस्वार्थ सल्ल्याचे रूप देणे गैर आहे. 'सेबी'च्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार ज्याच्याकडून सल्ल्याचे शुल्क घेतो, त्यालाच योजना विकून कमिशन घेऊ शकत नाही. म्हणून प्रथम नोंदणी क्रमांक विचारावा व तो 'सेबी'च्या यादीत पडताळावा. आपले मानधन कोण देतो, हेही विचारावे. धनादेश सल्लागाराच्या नावे न देता थेट योजनेच्या नावे द्यावा. बाजारातील गुंतवणुकीवर मोठ्या परताव्याची हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे. मात्र नोंदणी म्हणजे सचोटीची हमी नव्हे, याचेही भान असावे.

जेरुसलेममधील गरजूंसाठी मदत गोळा करताना संत पौलाने ती रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. कोणाला बोट ठेवावयास जागा राहू नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेला सोबती त्याने बरोबर घेतला. पौलाला ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आजच्या सल्लागाराने कमीपणा मानू नये.

आम्हां धर्मगुरूंची शिफारसही या चौकशीची जागा घेऊ शकत नाही. सही करण्यापूर्वी पती-पत्नींनी एकत्र बसून सारे कागद वाचावेत. म्हातारपणाची भाकर दोघांची आहे. ती कोठे ठेवली आहे, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.