माळावरचे खोकड आणि हिंसेचे माप
सोलापूर शहराच्या उत्तरेस नान्नजच्या परिसरातील ज्या गवताळ माळाला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्या माळाच्या अन्नसाखळीत, म्हणजे एका जीवाने दुसऱ्याला खाऊन जगण्याच्या व्यवस्थेत, खोकडाचे स्थान मधले आहे. दोन ते तीन किलो वजनाचे हे जनावर कोल्ह्याहून बरेच लहान असते. उंदीर, सरडे, वाळवी, भुंगेरे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि हंगामात बोरेही ते खाते, त्यामुळे त्याच्या वाळलेल्या विष्ठेत भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचे आणि बोरांच्या बिया एकत्र सापडतात. लांडगा, मोठे गरुड आणि गावची कुत्री यांच्यापासून मात्र त्याला स्वतःला जपावे लागते.

असे मारणे आणि मारले जाणे यात दोष कोणाचा, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेने टाळलेला नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की, दुर्बळ जीव बलवानाचे अन्न होतो आणि जीवच जीवाचा आधार असतो. मांसाहाराच्या किंवा शिकारीच्या समर्थनार्थ हे वचन वारंवार पुढे केले जाते. परंतु धृतराष्ट्र निघून गेल्याने व्याकूळ झालेल्या राजाला धीर देण्यासाठी केलेले ते जगाचे वर्णन आहे, माणसाला दिलेला परवाना नव्हे.

जैन दर्शन याहून पुढे जाते, आणि ज्या सोलापुरात जीवराज जैन ग्रंथमालेने प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या तेथे या दर्शनाच्या कसोटीवर खोकडाचा विचार करणे उचितच ठरते. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेच्या व्याख्येत प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावध आणि क्रोध-लोभादी विकारांनी ग्रासलेल्या वृत्तीची, जोड दिली आहे. तरीही या दोषातून पशूला निर्बुद्ध म्हणून सोडून दिलेले नाही. मन असलेला पंचेंद्रिय पशू ‘संज्ञी’ मानला जातो, उपदेशाने तो अंशतः व्रत पाळू शकतो, आणि महावीरांच्या जीवाने एका पूर्वभवात सिंह असताना मुनींच्या उपदेशाने हिंसा सोडली असे उत्तरपुराण सांगते. या भूमिकेत पशूविषयी मोठा आदर आहे, पण तिच्यातूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो: खोकडाच्या शिकारीने पाप घडत असेल, तर ते थांबवणे माणसाचे कर्तव्य ठरते काय?

दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या जैन ग्रंथात याचे निःसंदिग्ध उत्तर दिले आहे. एकाला मारल्याने अनेक वाचतील असे मानून हिंस्र प्राण्याला मारू नये, आणि जिवंत राहिला तर तो पापच साठवील अशा अनुकंपेनेही मारू नये, असे ते बजावतात. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, आणि पक्षीच मोजके उरले असता त्या एका अंड्यासाठी खोकडे हटवावीत असा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. अमृतचंद्रांचा निषेध नेमका या हिशेबाला लागू पडतो. शिवाय माळढोक दुर्मीळ होण्यामागे शिकार, माळांची नांगरट आणि विजेच्या तारा ही माणसाची कृत्ये प्रामुख्याने आहेत.

प्रमाद शोधायचा तर तो बिळाच्या तोंडाशी नव्हे, गावकुसाशी शोधावा लागतो. नान्नजच्या परिसरातील अभ्यासांत असे आढळले की, कुत्रे जवळ असले की खोकड समोरचे अन्नही कमी खाते आणि सारखे सावध राहते. कुत्र्यांतील डिस्टेंपरसारखे साथीचे रोग खोकडांपर्यंत पोचण्याचा धोकाही याच अभ्यासांनी दाखवला. ही कुत्री माळावरच्या उंदरांवर वाढत नाहीत. ती वाढतात माणसाने टाकलेल्या उष्ट्यावर, फेकलेल्या मेलेल्या जनावरांवर आणि भूतदयेने घातलेल्या भाकरीवर. भाकरी घालणाऱ्याच्या मनातली करुणा खरी असते, हे मान्य केलेच पाहिजे. पण जी करुणा आपण पोसलेल्या प्राण्याचे पुढे काय होते आणि तो कोणाचे काय करतो हे पाहत नाही, तिच्यात प्रमाद शिरतोच. न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी पाणी गाळून पिण्याचा नियम ज्या परंपरेने घालून दिला, तिच्या दृष्टीने कुत्र्यांचे लसीकरण, त्यांच्या संख्येला आळा आणि गावाबाहेरच्या उकिरड्याची व्यवस्था ही कामे अहिंसेच्या आचारातच मोडतात.