झोपलेल्या कानात सांगावे काय?



आपल्या धर्मग्रामातील तरुण हल्ली आम्हांला एक प्रश्न विचारतात. मोबाईलवर स्वसंमोहनाची ध्वनिमुद्रणे मिळतात. एक शांत आवाज अंग सैल सोडायला सांगतो आणि मग 'परीक्षेची भीती जाईल' अशा सूचना देतो. दुसऱ्या प्रकारात नुसता पावसाचा किंवा बासरीचा आवाज ऐकू येतो. सूचना त्याखाली इतक्या हळू दडवलेल्या असतात की कानाला त्या कळतच नाहीत. काही मुले तर दुसऱ्याचे मुद्रण घेतात, त्यात आपली वाक्ये मिसळतात आणि मित्रांना पाठवतात. फादर, यात पाप आहे का?

प्रथम एक भीती दूर करू. संमोहन ही भुताटकी नव्हे. हे जगाला पटवून देणाऱ्यांत आपलाच एक धर्मगुरू होता. गोव्यातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले आबे फारिया रोममध्ये धर्मगुरू झाले आणि पुढे पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे प्रयोग दाखवले. संमोहकाच्या अंगातून कोणतीही अद्‌भुत शक्ती वाहत नाही. जे घडते ते ऐकणाऱ्याच्याच मनात, सूचनेमुळे घडते, असे त्यांनी १८१९ साली आपल्या ग्रंथात मांडले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्यांची बोबडी वळली. तेव्हा वडील कोकणीत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप भाजी! भीती पळाली आणि प्रवचन रंगले. पणजीला मांडवीकाठी त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे श्याम मानव यांनीही स्वसंमोहनाची शिबिरे घेतली आहेत. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांसमोर बोलताना उपचारासाठी संमोहन वापरण्यास योग्य काळजी घेऊन मुभा दिली. मात्र ही वाटेल त्याने हाताळण्याची गोष्ट नव्हे, असेही बजावले.

मग लपवलेल्या सूचनांचे काय? १९५७ साली अमेरिकेत जेम्स विकारी नावाच्या जाहिरात सल्लागाराने दावा केला की, चित्रपट चालू असताना डोळ्याला कळणार नाहीत अशा सूचना पडद्यावर झळकवून आपण पॉपकॉर्न आणि कोका-कोलाचा खप वाढवला. जगभर खळबळ उडाली. १९६२ साली त्यानेच मान्य केले की दाव्यात दम नव्हता. १९९१ साली मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी अशा ध्वनिफितींची परीक्षा घेतली. काहींना स्मरणशक्तीची फीत आत्मविश्वासाची म्हणून दिली, काहींना उलट. अनेकांना वेष्टनावर लिहिले होते त्याच गुणात सुधारणा झाल्यासारखी वाटली. मोजून पाहिले तर फितींचा तसा परिणाम आढळला नाही.

तर मग कोणी म्हणेल, परिणामच नाही, तर दोष कसला? येथेच खरा नैतिक प्रश्न आहे. समजा, एखाद्या भगिनीचा पती दारूच्या आहारी गेला आहे. सांगून, रडून, भांडून ती थकली आहे. तिने तो झोपल्यावर उशाशी असे मुद्रण लावले, तर? तिच्या दुःखापुढे कोणीही मान लववावी. तरीही आम्ही तिला 'लावू नका' असेच सांगू. कारण तो जागा असता तर ज्या दारावर टकटक करावी लागली असती, ते दार येथे मागून उघडायचा प्रयत्न आहे. तो फसला तरी हेतू तोच राहतो.

देव काय करतो ते पाहा. गाब्रिएल दूताने पवित्र मरियेच्या होकाराची वाट पाहिली. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू येशूने आधी विचारले की, तुला बरे व्हायचे आहे का? जो सर्वसमर्थ आहे तोही आपल्या संमतीला ओलांडून आत येत नाही. सद्‌सद्विवेकबुद्धी हा माणसाचा गाभारा आहे, तेथे तो देवासोबत एकटा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले. त्या गाभाऱ्यात पत्नीने पतीच्या किंवा आईने वाढत्या मुलाच्या नकळत शिरू नये.

म्हणून तरुणांनो, मन शांत करण्यासाठी, शब्द माहीत असलेले मुद्रण जागेपणी ऐकायला हरकत नाही. गाडी चालवताना मात्र कधीच नको. ज्यात काय दडवले आहे ते ठाऊक नाही, ते ऐकू नका आणि पुढेही पाठवू नका. दुसऱ्याच्या आवाजात आपली वाक्ये मिसळून ती त्याच्याच नावावर खपवणे म्हणजे खोटी साक्ष. त्याला न विचारता त्याचे श्रम वापरणे म्हणजे चोरी. सातवी आणि आठवी आज्ञा मोबाईललाही लागू आहे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ध्वनिमुद्रणावर विसंबून राहू नका. घाटीत मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात लाज नाही. आणि त्या भगिनीला आम्ही म्हणू, पती शुद्धीवर असताना त्याच्याशी बोला, हवे तर आम्हीही सोबत येऊ. व्यसनमुक्तीचा उपचार त्याच्या होकारानेच सुरू होऊ द्या.

कोणी विचारेल, जपमाळ म्हणजे तरी तेच ते शब्द पुन्हा पुन्हा नव्हेत का? होय, पण ते आपण जाणीवपूर्वक, आपल्या तोंडाने, कोणाला तरी उद्देशून म्हणतो. प्रायश्चित्त संस्कारातही आपली पापे आपण स्वतःच्या आवाजात सांगतो. झोपेत आपोआप चांगले होण्याची वाट सोपी वाटते. पण जागेपणी दिलेला होकारच आपला असतो.

प्रभू आपणां सर्वांना जागृत मन आणि शांत झोप देवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू